अधोलोक म्हणजे नरक नव्हे

प्रश्न असा: बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात 'मरण व अधोलोक' अग्निसरोवरात टाकले गेल्याचे वाचले. अधोलोक म्हणजे नरक आणि अग्निसरोवर म्हणजेही नरकच. मग नरक नरकात पडला म्हणजे नेमके काय झाले?

गोम पहिल्याच समीकरणात आहे. मराठी बायबलमध्ये अधोलोक हा शब्द हिब्रू 'शेओल' आणि ग्रीक 'हेडीस' यांसाठी येतो. हे मेलेल्यांचे ठिकाण. जुन्या करारात तिथे भलेबुरे सगळेच जातात. योसेफ मेला असे समजून याकोब म्हणतो, मी शोक करतच अधोलोकात माझ्या मुलाकडे जाईन. कुणी बाप मुलाची भेट नरकात व्हावी असे म्हणेल का? येशू मरणानंतर 'अधोलोकात उतरला' या श्रद्धेतही हाच अर्थ आहे.

आता लूकच्या शुभवर्तमानाच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत माणूस अधोलोकातही तळमळतो, हे खरे. पण त्याचा शेवटचा निवाडा अजून व्हायचा आहे. कच्चा कैदी आणि शिक्षा लागलेला कैदी यांत जो फरक, तोच इथे. अखेरच्या न्यायाच्या वेळी अधोलोक आपल्यातले मृत बाहेर देतो, प्रत्येकाचा न्याय होतो, आणि मग ती रिकामी कोठडीच मोडीत निघते. तुम्ही विचारलेल्या वाक्याचा अर्थ एवढाच.

हा घोळ मुळात १६११च्या इंग्रजी भाषांतराने वाढवला. त्यात शेओल, हेडीस आणि गेहेन्ना (म्हणजे अखेरच्या शिक्षेचे ठिकाण) या तिघांसाठी बऱ्याच ठिकाणी 'हेल' हा एकच शब्द वापरला आहे. मराठीने दोन शब्द वेगळे ठेवले, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

नरक हा शब्द येतो तो 'गेहेन्ना'साठी. तोही अगदी चपखल बसत नाही. पुराणांतल्या नरकाला मुदत असते: पाप भोगून संपले की जीव पुन्हा जन्माला येतो. बहुतेक ख्रिस्ती पंथांच्या शिकवणीत अखेरच्या निवाड्यानंतर अशी सुटका नाही.

गेहेन्ना मात्र मुळात खरीखुरी जागा. यरुशलेमजवळचे हिन्नोमचे खोरे, हिब्रूत 'गे-हिन्नोम'. तिथे मोलख दैवतासाठी पोटची मुले आगीत होमली जात, म्हणून योशीया राजाने ती जागा भ्रष्ट करून टाकली. (तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, ही प्रवचनांतली आवडती गोष्ट, तिला प्राचीन पुरावा नाही.) हेच नाव अरबीत 'जहन्नम' झाले आणि उर्दूमार्गे आपल्याकडे आले. रागाच्या भरात कुणाला 'जहन्नममध्ये जा' म्हणतो, तेव्हा आपण त्याला यरुशलेमच्या वेशीबाहेरच्या त्या खोऱ्याचीच वाट दाखवत असतो.