आमवातावर चिनी वनौषधी घ्यावी का?

बहिणीच्या आमवातासाठी चिनी वनौषधी मागवावी का, असे आपण विचारले आहे. चिनी वैद्यकात सांधेदुखीला ‘बी’ म्हणतात आणि वारा, थंडी व ओल अंगात शिरून अडकल्याने ती होते असे मानतात. आपल्या ‘वाता’च्या कल्पनेशी हे बरेच जुळते. त्यातील सर्वाधिक अभ्यासलेली वनस्पती म्हणजे ‘लेइ गोंग थेंग’, अर्थात मेघगर्जनेच्या देवाची वेल. तिच्या सोललेल्या मुळाचा अर्क अमेरिकेतील, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सल्फासॅलाझिन या आमवातावरील नेहमीच्या औषधाशी, तर पुढे चीनमध्ये २०७ रुग्णांवर मेथोट्रेक्झेट या तशाच दुसऱ्या औषधाशी ताडून पाहिला गेला आणि २४ आठवड्यांत सांध्यांची सूज व वेदना त्याने खरोखर कमी झाल्या. परंतु मूळ सोलावे लागते ते उगीच नव्हे: साल, पाने व फुले इतकी विषारी असतात की ती पोटात गेल्याने मृत्यूही ओढवू शकतो. शुद्ध अर्कानेही स्त्रियांची पाळी बंद पडू शकते, पुरुषांत शुक्राणू घटतात, यकृत व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. बहिणीला मूल हवे असेल तर हे औषध घेऊच नये. संधिवाततज्ज्ञांना न विचारता पुडी मागवू नका आणि चालू औषध बंद करू नका, ही कळकळीची विनंती.