जिल्हा परिषद शाळेच्या सुट्ट्या नेमक्या कोण ठरवतं? शेजारच्या जिल्ह्याची यादी आमच्यापेक्षा वेगळी का, आणि गावच्या यात्रेची सुट्टी त्यात घालून घेता येते का?

सुट्ट्यांची यादी मंत्रालयातून येत नाही, ती जिल्ह्यातच तयार होते. राज्याकडून फक्त चौकट येते. एप्रिलच्या सुमारास पुण्याहून शिक्षण संचालकांचं (प्राथमिक आणि माध्यमिकचं एकत्र) परिपत्रक निघतं. त्यात उन्हाळी सुट्टी कधी लागेल, शाळा कधी उघडतील हे असतं, आणि माध्यमिक शाळा संहितेतल्या दोन आकड्यांची आठवण असते: वर्षभरातल्या सगळ्या प्रकारच्या सुट्ट्या 76 पेक्षा जास्त नकोत, कामाचे दिवस किमान 230 हवेत.

आता हिशेब बघा. 365 मधून 52 रविवार गेले, 313 उरले. त्यातून 76 वजा केले की 237. म्हणजे अख्ख्या वर्षात हाताशी सात दिवस. अतिवृष्टीची सुट्टी, मतदान केंद्रासाठी शाळा ताब्यात जाणं, हे सगळं या सातातच बसवायचं असतं. (शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास एवढंच मागतो. पण इथे संहितेचा आकडा जास्त कडक आहे.)

76 मधला मोठा वाटा उन्हाळा खातो. 2025 मध्ये 2 मे ते 14 जून हे 44 दिवस. सहा रविवार वगळून 38. विदर्भात त्या वर्षी शाळा 16 ऐवजी 23 जूनला उघडल्या, म्हणजे आणखी सहा, एकूण 44. तिथे दिवाळी आणि सणवारांना 32 च राहतात. कोकणात उलट गंमत: तिथे गणपतीला सलग सुट्टी नसेल तर वर्गात मुलं दिसणारच नाहीत, म्हणून दिवाळी किंवा उन्हाळा कापून ते दिवस तिकडे वळवतात. संहितेत याची सोय आहे, मात्र शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. याद्या वेगळ्या दिसतात त्या यामुळे. उर्दू माध्यमाची यादी बहुतेक जिल्ह्यांत स्वतंत्रच असते.

यादीचा प्रवास असा: प्राथमिक शिक्षण विभागात मसुदा होतो, शिक्षक संघटना आपापल्या मागण्या देतात (माध्यमिकला मुख्याध्यापक संघ), शिक्षण समितीसमोर विषय जातो, सदस्य नसतील तर प्रशासकांकडे. मंजुरीनंतर गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशी ती उतरते. प्रत्यक्षात ग्रुपवर पीडीएफ आधी येतो, सहीचा कागद मागून.

चुका ठरलेल्या जागी होतात. यादी बनते मे-जूनमध्ये, पण शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना कॅलेंडर वर्षाची असते, त्यामुळे जानेवारीनंतरच्या तारखा बऱ्याचदा पंचांग बघून घातलेल्या असतात. ईद चंद्रदर्शनावर. 2025 ची ईद-ए-मिलाद 5 सप्टेंबरला होती. मुंबई शहर आणि उपनगरात सुट्टी ऐन वेळी 8 तारखेला नेली, बाकी राज्यात 5 च राहिली. सण रविवारी आला तर बदली सुट्टी मिळत नाही (2026 ची महाशिवरात्र अशीच गेली), पण 76 मधला एक दिवस वाचतो. त्याच शैक्षणिक वर्षात दसरा आणि गांधी जयंती दोन्ही 2 ऑक्टोबर 2025 ला आले, तिथेही एक वाचला. मसुदा करणाऱ्याने हे टिपलं नाही तर बेरीज 76 दिसते आणि सुट्ट्या प्रत्यक्षात 74 भरतात. म्हणून यादीत ‘रविवार वगळून दिवस’ हा रकाना आधी तपासा, तारखा नंतर.

आता तुमची यात्रा. तीन वाटा आहेत. पहिली, मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या: बहुतेक याद्यांत दोन असतात आणि त्या 76 च्या आतल्याच. एका गावापुरत्या यात्रेला हीच वाट बरी. मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुखांना आधी लेखी कळवलं की काम होतं. दुसरी, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्ट्या. त्या मोजक्याच असतात आणि एका गावासाठी मिळणं अवघड, पोळा किंवा मोठ्या देवस्थानाच्या यात्रेला जातात. तिसरी, मूळ यादीतच बदल. यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव एप्रिलमध्येच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचायला हवा, जूनमध्ये यादी छापून झालेली असते. ठरावात नुसतं ‘सुट्टी मिळावी’ लिहू नका. त्याबदली कुठला दिवस सोडता ते लिहा, उदाहरणार्थ ‘दिवाळी सुट्टीतला शेवटचा दिवस कमी करून’. बेरीज बिघडत नसली की फाईल अडवायला कारण उरत नाही.

यात्रा शनिवारी येत असेल तर आणखी सोपं: बऱ्याच शाळा शनिवारी सकाळच्याच असतात. मुलं अकराच्या सुमारास मोकळी होतात, पालखी बहुधा दुपारनंतर निघते. तेव्हा सुट्टी न मागितलेलीच बरी, मुख्याध्यापकांच्या अधिकारातले ते दोन दिवस पावसाळ्यात कामाला येतात.