'नुस्तं बघूलोय' म्हणायची सोय

प्रश्न : वाचक यावेत म्हणून ग्रंथालयांनी पुस्तकांच्या दुकानांकडून काय शिकावं?

मी बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात संध्याकाळी बसतो, बिनपगारी. जे सांगतोय ते त्या खुर्चीवरून दिसलेलं.

आमच्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल असतात. एकदा तिथे आमच्याच गावचा एक शेतकरी पुस्तकं चाळताना दिसला. वाचनालयाची पायरी त्यानं कधी चढलेली नव्हती. विक्रेत्यानं विचारलं, "काय पायजे?" हा म्हणाला, "काय न्हाई, नुस्तं बघूलोय." "बघा की," म्हणून विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. थोड्या वेळानं गड्यानं खिशात हात घातला आणि ऊसलागवडीवरचं एक पुस्तक विकत घेतलं.

तेच पुस्तक आमच्या कपाटात होतं. कुलपात.

आमच्याकडे 'नुस्तं बघूलोय' म्हणायची सोयच नव्हती. यादीत नाव शोधा, चिठ्ठी लिहा, मग मी किल्ली घेऊन उठणार. म्हणजे काय वाचायचं हे आधीच ठाऊक असलेल्यानंच यायचं. दुकानदाराला पक्कं माहीत असतं, की आत येणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयांसाठीच्या आपल्या पाच सूत्रांतलं पहिलं सूत्र सांगून ठेवलं होतं, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. आम्ही ती सांभाळत बसलो होतो.

मग कुलपं काढली. दाराशी एक जुनं टेबल टाकलं आणि पुस्तकं मुखपृष्ठ वर करून मांडली, कारण रांगेत उभ्या पुस्तकाचा नुसता कणा बघून कुणाचा हात जात नाही. खरी गंमत मात्र परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगाची झाली. आळसापायी ती दोन दिवस टेबलावरच राहिली, तर लोक आधी तिथेच हात घालू लागले. दुसऱ्यानं वाचलंय म्हटल्यावर भरवसा वाटतो, भजीच्या गाड्यावर गर्दी बघून थांबावं तसं. आता तो ढीग मुद्दाम ठेवतो.

वेळही बदलली. आम्ही पाचला उघडून सातला बंद करायचो, आणि नेमकी तेव्हा माणसं धारा काढून डेअरीला दूध घालायच्या गडबडीत. दुकानदार गिऱ्हाइकाची वेळ बघतो. आम्ही आता सातला उघडतो. इंग्रजी किंवा कन्नड शाळेतली पोरं घरी मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात. त्यांच्यासाठी मोठ्या टायपाची पुस्तकं खालच्या फळीवर आणली. कन्नड पुस्तकंही शेजारीच आहेत. त्यावर थोडी कुरकुर झाली, ती सोडून द्या.

एक गोष्ट मात्र दुकानाकडून घेऊ नका. दुकानदार न खपलेलं पुस्तक परत पाठवतो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. तिथे दर पिढीनं न खपलेलं बाहेर काढलं असतं, तर आज कुणी जुनं काही शोधायला तिथे कशाला गेलं असतं? टेबलावर नवं मांडा, जुनं मागे राहू द्या.

कपाटं उघडल्यावर पहिल्या वर्षात चार पुस्तकं गेली. त्यातलं एक पुढे डेअरीच्या कट्ट्यावर सापडलं, दुधाचे डाग पडलेलं. समितीच्या बैठकीत कुलपाचा विषय अजून निघतो.