फेस बसू दे

चिरंजीव लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्या काचेवर बोटं फिरवून एवढं उत्तर लिहिणं मला जमायचं नाही, म्हणून पत्र. आषाढीला माळ घातलीस आणि महिन्याभरातच प्रश्न पडायला लागले, हे बरं लक्षण. माळ घातल्यावर मला पहिला प्रश्न पडायला अकरा वर्षं लागली.

कांदा-लसणाचं आधी उरकून टाकतो. मांस-मद्य सोडलंस, एकादशी धरलीस, पुष्कळ झालं. चातुर्मासात कांदा-लसूण सोडायचा तर सोड, पण मेसच्या मावशींना तुझ्यापुरती वेगळी फोडणी घालावी लागत असेल तर व्रत तुझं आणि कष्ट त्यांचे, असं व्हायचं. साबुदाण्याचं विचारूच नकोस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्याच लोकांनी आपल्याला उद्देशून म्हटलंय.

आता माझी गोष्ट. वडिलांच्या मागे दुकान माझ्याकडे आलं तेव्हा आम्ही गोडं तेल सुटं विकायचो. पत्र्याचा डबा, त्यात हातपंप, खाली पाव लिटरचं माप, बाटलीच्या तोंडाला नरसाळं. पंप जोरात मारला की तेलाला फेस येतो आणि माप काठोकाठ भरल्यासारखं दिसतं. तसंच बाटलीत उपडं केलं की गिऱ्हाइकाला थोडं तेल कमी जातं. कुणी बोलत नाही, कारण माप त्याच्या डोळ्यांदेखत भरलेलं असतं. वडील पंप मारून थांबायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, “फेस बसू दे.” तो बसला की वर आणखी तेल घालायचे. मी थांबत नसे. आपण लबाडी करतोय असं मला कधी वाटलंही नाही, रांग आहे, उरकलं पाहिजे, एवढंच वाटायचं. गळ्यात माळ, तोंडात हरिपाठ आणि हाताला घाई.

एका संध्याकाळी सात-आठ वर्षांची एक पोरगी तेल घेऊन गेली आणि पाचच मिनिटांत परत आली. बाटली फळीवर ठेवली. बाटलीच्या पोटाला पांढरा दोरा बांधलेला होता. “आईनं मोजून बांधलाय,” ती म्हणाली. तेल दोऱ्याच्या खाली होतं. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, जसं सांगून पाठवलं तसं तिनं सांगितलं. मी दोऱ्यापर्यंत तेल भरलं. लिमलेटच्या बरणीकडे हात गेला तो मागे घेतला. ती गोळी लाच झाली असती.

तुझा खरा प्रश्न नोकरीचा आहे. थकलेल्या हप्त्यांसाठी दिवसभर लोकांना फोन करायचे आणि रात्री माळ हातात घ्यायची, हे शोभतं का, असं तू विचारतेस. नोकरी सोडू का, असंही.

तुकोबांचं घराणं वाण्याचं आणि सावकारीचं, हे तुला ठाऊक आहे. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात पहिली बायको आणि मुलगा गेला, व्यापार बसला. पुढे त्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळे रंगवून सांगतात. त्याच्या आधीचं मात्र भराभर सांगून मोकळे होतात. चरित्रकार सांगतात की तुकोबांनी आधी धाकट्या भावाला, कान्होबाला, खतांची निम्मी वाटणी देऊन टाकली. डोहात गेली ती फक्त आपल्या वाट्याची. मला या गोष्टीतली ती वाटणीच फार मोठी वाटते. मी नेमकं उलटं केलं होतं. एका अडलेल्या घराची उधारी वहीतून खोडली आणि आठवडाभर स्वतःवर खूश होतो. दुकान भावाचंही होतं, त्याला विचारलं नाही. त्या वर्षी त्याला पोरीच्या फीसाठी दुसऱ्याकडे हात पसरावा लागला, हे मला फार उशिरा कळलं.

कंपनीची खतं तुझ्या वाटणीची नाहीत, ती तू बुडवू शकत नाहीस. पण आवाज तुझ्या वाटणीचा आहे. नंबर लावण्याआधी क्षणभर थांब, समोरच्याचं नाव नीट वाच, आधीचे किती हप्ते त्यानं वेळेवर भरलेत ते बघ. पहिलं वाक्य “आत्ता बोलता येईल का?” हे असू दे. दंड कमी होण्याची किंवा मुदत वाढण्याची सोय नियमात असेल तर त्यानं विचारायची वाट न पाहता सांग. शेजाऱ्याला, मेहुण्याला फोन करून त्याची अब्रू काढायची नाही. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये बजावलेलं आहे. ती वेळ पाळ आणि शेजारच्या खुर्चीवरचा पाळत नसेल तर त्यालाही सांग. असं वागून तुझं टार्गेट हुकेल, इन्सेन्टिव्ह जाईल. ते जाऊ दे, ते तुझ्या वाट्यातलं आहे. शिव्या दे नाहीतर घरी जा, असं वरून सांगितलं, तर त्या दिवशी नोकरी सोड. तुझ्या आईला मी समजावतो.

वारीत दिवे घाटात तुझ्या पायावर कुणाचा तरी पाय पडला, तेव्हा कळवळलीस आणि तरी “माऊली, जरा सांभाळून” म्हणालीस. मी मागेच होतो. घाटात ते सोपं असतं, सगळेच म्हणत असतात. फोनवर दिवसातल्या एखाद्या माणसाशी तसं बोलणं जमलं तरी कळव. जमलं नाही त्या दिवसाचंही कळव, मला तेच वाचायला जास्त आवडेल.

कार्तिकीला सुट्टी मिळाली तर ये. तुझ्या माळेचा दोरा मला कच्चा वाटला, मण्यांजवळ झिजलाय. पक्का दोरा आणून ठेवलाय, आलीस की बसून ओवून देतो.

तुझा,
अण्णा