गोठा झाडला की २० रुपये: हा दर चालू ठेवावा का?

वणी तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलंय: "पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ११ ची. पैशाची किंमत कळावी म्हणून मुलाला पाणी भरलं की १०, गोठा झाडला की २० रुपये द्यायला लागलो. आता दुकानातून तेल आणायचेही तो पैसे मागतो. वेचणीलाही मजुरी लावू का? सासूबाई म्हणतात, घरच्या कामाचे कसले पैसे? साठतील ते कुठं ठेवू? मुलीचं सुकन्या खातं काढता येईल का?"

ताई, तुमच्या पत्रात मुलीच्या कामाला दरच नाही. भांडी, सडा, झाडलोट तीच करत असणार, अन् ते कोणी मोजत नसणार. पैशाची किंमत मुलाला शिकवताना तिला भलतंच काहीतरी शिकवून ठेवाल.

सासूबाईंचं मला पटतं. पाणी, भांडी, गोठा याची मजुरी बंद करा, कामं दोघांत पाळीनं वाटा. भांडी मुलगाही घासेल. खाऊचे पैसे वेगळे ठेवा: बाजाराच्या दिवशी दोघांना २०-२० रुपये, कामाशी न जोडता. वर्षाचे २,०८० होतात. कापसाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आला की तेवढे काढून डब्यात टाका, नाहीतर बियाणं-खताच्या दिवसांत पोरांचेच पैसे आधी थांबतात.

वेचणीलाही दर लावू नका. १४ वर्षांखालच्या मुलांनी घरच्या कामात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करावी, एवढीच मुभा २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात आहे. मजूर म्हणून राबवायची नाही. अन् खरी भीती तुमच्या-माझ्या मनाची आहे. वेचायला बाया मिळत नाहीत, कापूस बोंडातून लोंबतोय, अशा वेळी किलोमागे पैसे मिळतात म्हटल्यावर पोरगं शाळा बुडवतं अन् आपण पाहून न पाहिल्यासारखं करतो. फवारणीच्या पंपाजवळ तर फिरकूही देऊ नका. २०१७ ला यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते तुम्ही जवळून पाहिलंय.

कमवायची हौस असेल तर घरखर्चाची वही लिहायला द्या. किराणा, वीजबिल, उधारी, सगळं त्यात. महिन्याचे ३० रुपये, एक महिना तो, एक महिना ती. (उधारीचा आकडा पोरांना कळला तर बिघडत नाही.)

सुकन्या आता नाही. ते खातं मुलगी १० वर्षांची होण्याआधीच काढावं लागतं. दोघांचीही पोस्टात बचत खाती काढा, किमान ५०० रुपये लागतात. १० वर्षांवरच्या मुलांना खातं स्वतः चालवता येतं, म्हणून स्लिप त्यांनाच भरू द्या. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल फिरवून मिळालेला बोजाराही (ओवाळणीचे पैसे) तिथंच जाऊ द्या.

आवर्ती ठेव महिना १०० पासून निघते, मुदत ५ वर्षं. पण तुमचा पैसा महिन्याला येत नाही अन् हप्ता चुकला की दंड बसतो. काढायचीच असेल तर चुकारा आल्यावर वर्षाचे १२ हप्ते एकदम भरा. आगाऊ भरल्यावर पोस्ट थोडी सूटही देतं. ते १,२०० रुपये तुम्ही घाला. मुलांनी साठवलेले त्यात ओढू नका, ते त्यांना पाहिजे तेव्हा काढता आले पाहिजेत, मग क्रिकेटची बॅट का घेईनात.