सही केली, साम्य निघालं, आता?

प्रश्न : एम.ए.च्या लघुप्रबंधाचा विषय कापूस वेचणाऱ्या मजूर बाया. वाङ्मयचौर्याच्या संगणकी तपासणीत इतरांच्या लेखनाशी २३ टक्के साम्य निघालं. ‘हे माझं मूळ लेखन आहे’ या हमीपत्रावर सही करून बसली आहे. आता नोंदणी रद्द होते का?
– एक विद्यार्थिनी, घाटंजी (यवतमाळ)

उत्तर : नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा सादर करायचं, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० ला सुधारित प्रबंध सादर करायला वर्षभर बंदी. नोंदणी रद्द होते ती ६० च्या वर. मात्र दुसऱ्यांदा सापडलात, तर शिक्षा एक पायरी वरची.

आधी अहवालातले रंगवलेले भाग पाहा. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका आणि स्रोत दिलेली अवतरणं मोजायची नसतात. मोजली असतील तर मार्गदर्शकांना दाखवून वगळायला लावा. उरतो तो बहुधा ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’. तिथं दर चौथा शब्द बदलू नका, वाक्याची चौकट तीच राहते आणि पकडली जाते. मूळ पान मिटा, समजलं ते लिहा, स्रोत तिथंच द्या. सरकारी तक्त्याखालीही स्रोत हवाच. बायांचं बोलणं मात्र वऱ्हाडीतच ठेवा, अवतरणचिन्हांत. प्रमाणभाषेत धुऊन काढलं तर त्यातला जीवच जातो!

आणखी एक : जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर यंत्राला नीट वाचता येत नाही. त्यामुळे कुणाचं ‘२ टक्के’ ऐकून हेवा करू नका.