सातारा भागात कुटुंबासह आडवाटेनं फिरण्यासाठी फोर बाय फोर गाडीवर कोणतं सामान बसवून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर डिझेल नुकतीच घेतली आहे, नोकरीमुळं साताऱ्यात राहायला आलात, आणि बायको, दोन लहान मुलं व सत्तरीच्या आईला घेऊन बामणोली, पाटणचं खोरं, माण-खटाव असं सगळं फिरायचं आहे. ॲक्सेसरीच्या दुकानदारानं विंच (पुढं बसवायचं, दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), लिफ्ट किट (गाडी उंच करायचे भाग), लोखंडी बंपर, छतावरचं कॅरिअर आणि लाइट बार (जास्तीच्या दिव्यांची पट्टी) अशी यादी काढून दिली आहे. यातलं काय घ्यावं, हा तुमचा प्रश्न.

आत्ता यातलं काहीच घेऊ नका. तेच पैसे टायर, हवा, गाडी ओढून काढायचं साधं साहित्य आणि आत बसणाऱ्या माणसांची सोय यांवर घाला. मी सातारचाच. घरच्यांना घेऊन याच रस्त्यांनी फिरतो, म्हणून ठामपणे सांगतो. मुलं आणि म्हातारं माणूस गाडीत असलं की गाडी रुतली तर अंधार पडायच्या आत, कुणाला इजा न होता बाहेर निघाली पाहिजे. सामानाची निवड एवढ्या एका गोष्टीवरून करायची.

आधी आपला जिल्हा समजून घ्या. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर या पट्ट्यात एका पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस जातो. त्याच जिल्ह्यात म्हसवडकडं तो पाचशेच्या आतबाहेर असतो. पश्चिमेला जांभ्याचा कातळ, त्यावर शेवाळ आणि तांबडी निसरडी माती. पूर्वेला मुरूम आणि काळं रान. लोकांना वाटतं पूर्वेकडं पाऊस नाही म्हणजे धोका नाही, पण गाडी खरी फसते ती काळ्या रानाच्या पाणंदीत. वळवाची एक सर पडून गेली की ती माती रस्त्याच्या टायरच्या खाचांत गच्च भरते, टायर लाटण्यासारखा गुळगुळीत होतो आणि चारही चाकं जागेवर फिरत बसतात. अशा वेळी फोर बाय फोर आहे की नाही याला काही अर्थ उरत नाही, कारण पकडच नसते.

म्हणून पहिला खर्च टायरचा. गाडीबरोबर येतात ते हायवेचे, म्हणजे एचटी टायर. ते झिजेपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा, आणि तोवर ओल्या पाणंदीत शिरू नका. बदलाल तेव्हा ऑल टेरेन, एटी घ्या. खाचा रुंद असल्यानं चिखल फिरता फिरता बाहेर फेकला जातो आणि जांभ्याच्या कडांना त्यांची बाजूची भिंत जास्त टिकते. खास चिखलाचे मड टेरेन, एमटी, घेऊ नका. तुमची गाडी बहुतेक वेळ डांबरावरच चालणार आहे, आणि पावसात पसरणी किंवा आंबेनळी घाट उतरताना एमटी टायर एचटीपेक्षा उशिरा थांबतात. माप कंपनीचंच ठेवा. मोठे टायर घातले की स्पीडोमीटर चुकतो, वळताना चाक आत घासतं आणि विम्याच्या वेळी प्रश्न उभे राहतात. शिवाय चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारख्या झिजेचे हवेत, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर पुढच्या-मागच्या शाफ्टवर ताण येतो. स्टेपनी वेगळ्या मापाची असेल तर ती लावल्यावर फोर बाय फोर वापरू नका.

दुसरी गोष्ट हवा. हवा कमी करायला काही पैसे पडत नाहीत आणि तिच्याइतका फरक दुसऱ्या कशानंही पडत नाही. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा डांबरासाठी असते. दगडगोट्यांच्या खडबडीत वाटेला २६ ते २८ पीएसआयवर आणा. टायर दगडावर थोडा दबतो, गाडी आदळत नाही, आईच्या पाठीला धक्के बसत नाहीत. खोल चिखल किंवा नदीकाठची वाळू आली तर २० ते २२. त्याखाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून सुटू शकतो. हवा कमी असताना वेग तीस-चाळीसच्या आत ठेवा आणि डांबर लागायच्या आधी परत भरा. त्यासाठी हवा मोजायचा स्वतःचा गेज आणि बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर हवा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवरचे लहान पंप एवढ्या मोठ्या चार टायरना दमतात, कारण त्या सॉकेटचा फ्यूज साधारण दहा-पंधरा अँपिअरचाच असतो. पंक्चर काढायचं किट ठेवा आणि ते आधी घरी एकदा वापरून बघा.

आता ओढून काढण्याचं. आपल्याकडं बहुतेक वेळा मदतीला ट्रॅक्टरच येतो. वाडीवरचा माणूस ट्रॅक्टर घेऊन येतो, पण त्याच्याकडं टोचनासाठी असते लोखंडी साखळी किंवा वायररोप. नेमकं इथं अपघात होतात. घाईत माणूस साखळी बंपरला नाहीतर मागच्या टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अडकवतो, ट्रॅक्टरवाला हिसका देतो, आणि जे तुटतं ते गोळीसारखं सुटतं. टो-बॉल असा उडून माणसं मेलेली आहेत. म्हणून ओढायचा पट्टा तुमच्याकडं स्वतःचा हवा आणि तो कुठं अडकवायचा हे आधी ठरलेलं हवं. बंपरमधली झाकणी काढून जो आकडा स्क्रूनं बसवतात, तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर ओढण्यासाठी असतो, रुतलेली गाडी हिसक्यानं काढण्यासाठी नाही. सर्व्हिसला जाल तेव्हा गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि चासीवरची ओढायची जागा डोळ्यांनी बघून घ्या. पुढं-मागं भक्कम हुक नसेल तर चांगल्या फॅब्रिकेटरकडून चासीला बोल्ट होणारा रिकव्हरी हुक बसवा. यादीत हे नाव नव्हतं, आणि तुम्हाला सगळ्यात आधी तेच हवंय.

पट्टे दोन प्रकारचे. पॉलिएस्टरचा फारसा ताणत नाही, तो ट्रॅक्टरसाठी. नायलॉनचा कायनेटिक दोर बराच ताणतो आणि ताण सोडताना गाडीला बाहेर खेचतो. तो दुसऱ्या गाडीनं काढताना कामाला येतो, पण त्याला हुक पक्केच लागतात. तुम्ही पहिला घ्या. सोबत दोन बो शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या), ज्यांवर ३.२५ किंवा ४.७५ टनाचा शिक्का उमटवलेला आहे असेच. शिक्का नसलेली शॅकल हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळते, ती घेऊ नका. ओढताना पट्ट्याच्या मधोमध जाड गोधडी किंवा ओलं पोतं टाका, मुलांना आणि आईला पट्ट्याच्या दीडपट लांबीपेक्षा दूर, बाजूला उभं करा, आणि ट्रॅक्टरवाल्या दादांना स्पष्ट सांगा: हिसका नको, हळूहळू ताण घ्या.

त्याआधी मात्र खोरं काढा. पोटाखालचा आणि चाकांपुढचा चिखल दहा मिनिटं उपसला तर पुष्कळदा ओढायची वेळच येत नाही. चाकापुढं ट्रॅक्शन बोर्ड (चाकाला पकड देणारी खाचांची फळी) घाला, तो नसेल तर पोती नाहीतर दगड. जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीची जाड फळी बाळगा. मऊ मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असली तर चिखलात बसलेल्या गाडीची ती निघतही नाही, म्हणून पंक्चर झालेलं चाक घेऊन ‘पुढं जाऊन बघू’ असं करू नका.

विंचचं सांगतो. ती वाईट नाही, पण गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची घ्यावी लागते, पुढचा एक्सल जड होतो, आणि कासच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) किंवा माणच्या माळावर तिला बांधायला झाड कुठून आणणार? स्नॉर्कल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, पण प्रवाहात गाडी वाहून जायची ती जातेच. लोखंडी बंपरवर, म्हणजे बुलबारवर, तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रानं राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. समोरच्या माणसाला त्याचा मार जास्त बसतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडतं. लिफ्ट किटनं गाडीचा तोल वर जातो आणि आईला चढायला पायरी आणखी उंच होते. कॅरिअरवर जड सामान टाकलं की तोल तसाच वर जातो आणि आडव्या उतारावर गाडी कलंडू शकते.

गाडीत जे आहे ते आधी नीट शिका. कोरड्या डांबरावर फोर एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) लावून वळू नका, पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो आणि तो ताण गिअरबॉक्सवर येतो. उभा मुरमाचा उतार आला की गाडी थांबवून फोर एल (चारही चाकांना जोर, अगदी कमी वेग) लावा, पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. चढावर गाडी मध्येच थांबली तर वळवून खाली आणायचा मोह टाळा. रिव्हर्स टाकून सरळ रेषेत मागं या. उतारावर गाडी आडवी झाली की उलटते.

पाण्याचा नियम कडक ठेवा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर जायचं नाही, मग समोरून एसटी आली तरी. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी सरकते, आणि दोन फुटाला बहुतेक गाड्या वाहून जातात. मॅन्युअलमधली पाण्याची खोली साचलेल्या पाण्यासाठी असते. आणि पावसाळ्यात जी जागा सगळ्यांत जास्त गाड्या खाते ती म्हणजे साईडपट्टी. मेढा किंवा पाटण भागातल्या एकेरी रस्त्यावर एसटीला वाट देताना डावी चाकं गवतात उतरवली की गवताखालचं गटार दिसत नाही. रुंद जागा दिसेपर्यंत मागं घेतलेली बरी.

आता माणसं. तिसरी सीट दुमडून टाका, पाच जणांना तिची गरज नाही, आणि जड सामान तिथं खाली, पट्ट्यानं बांधून ठेवा. खोरं, जॅक, पाण्याचा कॅन मोकळा असेल तर ब्रेकला तो मुलांच्या डोक्यापर्यंत येतो. आईसाठी साईडस्टेप आणि दाराच्या खांबाला धरायची मूठ यांवर खर्च करा, तो रोज उपयोगी पडेल. कासच्या घाटात मुलांना मळमळ होते, निघण्याआधी भरपेट खाऊ घालू नका. आईची रक्तदाबाची गोळी एक दिवस जास्तीची ठेवा. कोयनेच्या खोऱ्यात लांबलांबपर्यंत रेंज नसते. नकाशा मोबाईलवर उतरवून घ्या, कोणत्या वाटेनं जाणार आणि कधी परतणार हे घरी कुणाला तरी सांगून जा. १०८ आणि ११२ रेंज आल्यावरच लागतात. जांभ्याच्या सड्यावर मुलांना दगड उचलू देऊ नका, खाली फुरसं असतं. आणि दिवस मावळायच्या आत डांबरावर या. पाटणच्या बाजूला रस्त्यात गवा उभा राहतो, त्याच्यावर हॉर्न न वाजवता लाइट डिम करून थांबायचं.

एक कळकळीची विनंती. कास, चाळकेवाडी, सडावाघापूर इथल्या सड्यावर गाडी उतरवू नका. कास २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथं कातळावर मातीचा पातळ थर असतो, त्यातच त्या फुलांचं बी पडून राहतं. ओल्या सड्यावरून चाक गेलं की तो थर उखडतो, पावसाचं पाणी त्या चाकोरीतून वाहतं आणि उरलेली मातीही जाते. कोयना-चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथं परवानगीशिवाय गाडी नेणं हा गुन्हा आहे. जे खुलं आहे तेच पुष्कळ आहे. सातारा-कास-बामणोली सगळं डांबर आहे, तिथं फोर बाय फोर लागतच नाही. पुढं बोटीनं जाता येतं.

सुरुवात ठोसेघर-चाळकेवाडीनं करा, पावसाळा संपल्यावर. पवनचक्क्यांचं अवजड सामान न्यायला केलेले रुंद मुरमाचे रस्ते तिथं आहेत, परवानगी असेल त्याच रस्त्यानं जा, हवा कमी करून गाडी कशी चालते ते बघा. नंतर थंडीत गोंदवले, म्हसवड, शिखर शिंगणापूर. आईचं दर्शनही होईल आणि वाटेत कोरड्या पाणंदी सापडतील. मात्र त्याआधी एका रविवारी मुलांना आणि आईला घरी ठेवून, एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात, तुम्ही आणि तुमच्या पत्नी दोघांनी फोर एल लावणं, हवा सोडणं-भरणं, पट्टा हुकाला अडकवणं आणि जॅकवर चाक बदलणं हे सगळं आपापल्या हातानं करून बघा. वाटेत तुमचाच पाय मुरगळला तर गाडी त्यांना आणावी लागेल.